खेळाडू कुणाचा?

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात कबड्डीचे रात्रीचे सामने भरले होते. आमच्या गावचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता आणि गावातून दोन पिकअप भरून माणसे सामना पाहायला आली होती. मीही त्यांत होतो. समोरचा संघ मैदानात उतरला आणि आमच्यातला एक जण एकदम ओरडला, "आरं, ह्यो तर आपलाच!" खरेच, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या संघातून चढाया करणारा, माझ्याबरोबर दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला मित्र दुसऱ्याच रंगाचा बनियन घालून उभा होता. पुण्याच्या एका संघाने त्याला नेले होते. राहायची, जेवायची सोय केली होती आणि पुढेमागे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी आशा दाखवली होती.

पहिल्या चढाईला तो आमच्या अंगणात शिरला तेव्हा कडेने आरोळी उठली, "विकला गेला! विकला गेला!" ती आरोळी देणाऱ्यांत माझाही आवाज होता, हे मी लपवून ठेवीत नाही. त्याने मान वर केली नाही. त्या चढाईत त्याने दोन गडी बाद केले आणि आम्ही सामना हरलो. सामना संपल्यावर तो आमच्या अण्णांच्या, म्हणजे ज्यांनी आम्हा सर्वांना कबड्डी शिकविली त्यांच्या, पाया पडायला आला. आम्ही पोरे मात्र पाठ फिरवून पिकअपमध्ये चढलो.

परतीच्या वाटेवर अण्णा एवढेच म्हणाले, "पोरांनो, पैलवान कोल्हापूरला निघाला की गाव त्याला हार घालतं. मग ह्यानं काय घोडं मारलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पुढे मी ते शोधू लागलो. ‘विकला गेला’ या दोन शब्दांत नेमके काय भरले आहे, खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातो म्हणजे नक्की काय घडते, आणि त्यात पाठीराख्यांचा हक्क किती, याची चौकशी म्हणजे हा लेख. चौकशी कबड्डीवरून सुरू झाली तरी ती मला फुटबॉलकडे घेऊन गेली. कारण हा प्रश्न फुटबॉलइतका दुसऱ्या कुठल्याच खेळाने चघळलेला नाही. त्यावर नियम झाले, मोडले, माणसे कोर्टात गेली. आणि आमच्या वसतिगृहातली मुले तरी दुसरे काय करतात? रात्री मोबाइलवर परदेशी फुटबॉल पाहायचा आणि सकाळी नळावर ब्रश तोंडात धरून वाद घालायचा, की आपल्या क्लबने यंदा कुणाला घेतले, कुणाला सोडले आणि कोण स्वतःहून पळाला!

परंतु त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. महाराष्ट्रात एक शहर असे आहे, की जिथे हा वाद कट्ट्याकट्ट्यावर रंगतो. ते शहर म्हणजे कोल्हापूर. माझी मावशी तिथे राहते. त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीत शाहू स्टेडियमवर जाण्याचा योग मला दोनदा आला. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे ऐकली की बाहेरचा माणूस गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ! तालीम म्हणजे तर कुस्तीचा आखाडा. मग फुटबॉलशी तिचा संबंध काय? संबंध असा, की कोल्हापुरात तालीम ही केवळ लाल मातीची जागा नव्हे, ती त्या पेठेची चावडीच होय. गणपती तिचा, मिरवणूक तिची, सुखदुःखाला धावणारी पोरे तिची. तेव्हा फुटबॉलचा संघही तिचाच. ज्या पोरांच्या आजोबांनी त्या मातीत लंगोट कसला, तीच पोरे आज बूट बांधून शाहू स्टेडियमवर उतरतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या भाषेत के.एस.ए., या संघांची साखळी स्पर्धा भरवते आणि मैदानाच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात.

हंगाम सुरू होण्यापूर्वी या संघांना आपल्या खेळाडूंची नोंदणी करावी लागते. माझा मावसभाऊ सांगतो, की सामन्यांपेक्षा या नोंदणीचे दिवस जास्त गरम असतात. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार, गेल्या साली आपल्याकडून गोल मारणारा यंदा समोरच्या पेठेत गेला की काय, बाहेरगावचा कोण आला, याचीच चर्चा चहाच्या गाड्यावर चाललेली असते. आणि आता तर नायजेरियासारख्या दूरच्या देशांतले खेळाडूही या तालमींच्या संघांतून खेळून गेले आहेत. पेठेतल्या आजीबाईसुद्धा त्या उंच, काळ्यासावळ्या पोराला नावानिशी ओळखू लागतात, असे भावाने मला सांगितले.

मी त्याला विचारले, "अरे, पेठेचा संघ म्हणतोस आणि खेळाडू नायजेरियाचा. मग पेठेचे उरले काय?"

तो म्हणाला, "आमच्याकडनं सही केली का? मग तो पेठेचा झाला की!"

"आणि पेठेतलाच पोरगा पलीकडच्या तालमीत गेला तर?"

यावर मात्र तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "त्याचं काय खरं नाही."

मित्रहो, सगळी मेख इथेच आहे! येणाऱ्याला आपण जन्म, जात, देश काही विचारत नाही. त्याने आपला रंग अंगावर घेतला की तो आपला. पण जाणाऱ्याला मात्र आपण त्याच्या जन्माची, मातीची, उपकारांची आठवण करून देतो. आलेला परका चटकन आपला होतो आणि गेलेला आपला त्याहूनही चटकन परका. एकाच व्यवहाराला दोन मापे लावायची, ही पाठीराख्यांची जगभरची रीत दिसते.

या बाबतीत कलकत्त्याचे उदाहरण मोठे मासलेवाईक आहे. मोहन बागान हा १८८९ साली स्थापन झालेला क्लब, ईस्ट बंगाल १९२० सालचा. या दोहोंमधले वैर असे, की खेळाडूने एकीकडून दुसरीकडे जाणे म्हणजे घरातल्या मुलाने शत्रूकडे जेवायला बसण्यासारखे. एके काळी सह्यांच्या दिवसांत क्लबांची माणसे आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूला प्रतिपक्षाच्या नजरेपासून दूर नेऊन लपवून ठेवीत आणि थेट सहीच्या वेळी हजर करीत. या धामधुमीतच १९८० साली ईस्ट बंगालने इराणहून अलीगढ विद्यापीठात शिकायला आलेले दोन विद्यार्थी घेतले, मजीद बिश्कार आणि जमशीद नासिरी. मजीदच्या खेळाच्या आठवणी ईस्ट बंगालचे जुने लोक अजून काढतात. जमशीद कलकत्त्यातच स्थायिक झाला. आणि काळाचा खेळ पाहा! त्याचाच मुलगा कियान नासिरी २९ जानेवारी २०२२ रोजी मोहन बागानच्या बाजूने ईस्ट बंगालविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने तीन गोल केले. बापाने ज्या रंगाची शान वाढविली त्याच रंगाला मुलाने पाणी पाजले. यात गद्दार कोण? कोणीच नाही. मुलाला ज्या क्लबात संधी मिळाली तिथे तो खेळला, इतकेच.

आता थोडे नियमांकडे वळू. कारण कट्ट्यावरच्या निम्म्या शिव्या अज्ञानातून येतात, असे माझे मत झाले आहे.

फुटबॉलमध्ये खेळाडू आणि क्लब यांच्यात ठरावीक वर्षांचा करार असतो. करार चालू असताना दुसऱ्या क्लबाला तो खेळाडू हवा असेल, तर त्याने पहिल्या क्लबाला करार सोडवून घेण्याची किंमत द्यावयाची असते. म्हणजे विकत घेतला जातो तो करार, माणूस नव्हे. शिवाय दोन्ही क्लबांचे जमले तरी खेळाडूने स्वतः होकार देऊन नवा करार केल्याखेरीज काही होत नाही. अशा सह्या वर्षभर होत नाहीत, वर्षातून दोनदा ठरावीक मुदतीची खिडकी उघडते. कधी खेळाडू काही काळासाठी उसना दिला जातो. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत बैल मागून नेतात तसा, मात्र इथे बैलालाही विचारावे लागते! आणि करार संपला, की खेळाडू मोकळा. त्याबद्दल कोणी कोणाला पैसा देणे लागत नाही.

हे शेवटचे वाक्य आज सोपे वाटते, परंतु ते मिळवायला माणसांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. इंग्लंडमध्ये पूर्वी करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शकत असे. क्लब सोडीना आणि दुसरीकडे खेळता येईना. न्यूकॅसल क्लबच्या जॉर्ज ईस्टहॅमने याविरुद्ध दंड थोपटले. काही महिने फुटबॉल सोडून त्याने दुसरी नोकरी केली. शेवटी १९६० साली क्लबाने त्याला आर्सेनलला दिले, तरी त्याने खटला मागे घेतला नाही. १९६३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितले, की ही अडवणूक माणसाच्या रोजगारावर अवाजवी बंधन घालणारी आहे. पुढचे पाऊल बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मनने टाकले. १९९० साली त्याचा लिएज क्लबबरोबरचा करार संपला. क्लबाने नव्या करारात पगार एकदम चौथाईवर आणला, आणि तो फ्रान्समधल्या डंकर्क क्लबात जाऊ म्हणाला तर त्याच्यासाठी पैसे मागितले. बोस्मन पाच वर्षे लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबाकडून पैसा मागता येणार नाही. आज मोठे खेळाडू जे मोठे पगार घेतात, त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढ्यातच गेली.

म्हणजे ‘विकला गेला’ हा शब्दच मुळात चुकीचा. तो शब्द जुन्या काळी खरा होता, जेव्हा खेळाडूला क्लब सोडायचा हक्क नव्हता. आज त्याला तो हक्क मिळाला, आणि नेमका तो हक्क वापरला म्हणूनच आपण त्याला विकला गेला म्हणतो!

यावर आमच्या वसतिगृहातला एक मित्र म्हणाला, "हक्क ठीक आहे रे, पण वागायची काही रीत?" त्याचेही म्हणणे खोटे नाही. २०२५ सालचे उदाहरण त्याने माझ्यापुढे टाकले. न्यूकॅसल क्लबाने मार्च २०२५ मध्ये इंग्लंडचा लीग चषक जिंकला. देशातली मोठी स्पर्धा जिंकायला त्या शहराला सत्तर वर्षे वाट पाहावी लागली होती. अंतिम सामना लिव्हरपूलशी होता आणि न्यूकॅसलच्या दोन गोलांपैकी एक स्वीडनच्या अलेक्झांडर इसाकने मारला. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत हाच इसाक लिव्हरपूलला जायचे म्हणून अडून बसला. मला दिलेला शब्द क्लबाने मोडला, असे त्याने जाहीर केले आणि नव्या हंगामाचे सुरुवातीचे सामने तो खेळलाच नाही. अखेर १ सप्टेंबर २०२५ रोजी साडेबारा कोटी पौंडांना तो व्यवहार झाला. ज्या पोरांनी त्याच्या नावाचे बनियन वर्षभर अंगात मिरवले त्यांना काय वाटले असेल? करार चालू असताना खेळायला नकार देणे हे मलाही रुचत नाही. शेतात पीक उभे असताना सालगड्याने निघून जावे तसे ते झाले.

पण त्याच इंग्लंडमध्ये हॅरी केनही आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून तो टॉटनहॅम क्लबात वाढला. त्या क्लबासाठी त्याने २८० गोल केले, इतके गोल त्या क्लबात कोणाचेच नाहीत. तरी एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही! २०२३ साली, तिशी आली असता, तो जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला आणि २०२५ मध्ये त्याच्या हातात पहिल्यांदा विजेतेपदाची तबकडी आली. टॉटनहॅमच्या बऱ्याच लोकांनी त्याला जाताना शुभेच्छाच दिल्या. महत्त्वाकांक्षा दोघांचीही होती. फरक निघण्याच्या पद्धतीत होता. एकाने भांडून दार उघडले, दुसऱ्याने ते उघडेपर्यंत काम केले.

महत्त्वाकांक्षा हा शब्द आपल्याकडे जरा वाईट अर्थानेच वापरतात. ‘फार महत्त्वाकांक्षी आहे’ असे म्हटले की तोंड वाकडे होते. परंतु खेळाडूचे आयुष्य किती? प्राध्यापक अठ्ठावन्न-साठपर्यंत शिकवतो, शेतकरी हातपाय चालतात तोवर राबतो. फुटबॉलपटू पस्तिशीत म्हातारा होतो. एखाद्या दिवशी गुडघा फिरला तर पंचविशीतच. या दहा-पंधरा वर्षांत त्याला नाव, पैसा आणि पुढच्या चाळीस वर्षांची बेगमी करायची असते. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे पाहा. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात झाली तेव्हा तो भारताच्या संघात होता. पुढे तो जमशेदपूरकडून खेळला, हैदराबादकडून खेळला. तो पेठेतच राहता तर कोल्हापूरला एक चांगला खेळाडू मिळाला असता. गेला म्हणून कोल्हापूरच्या पोरांना एक वाट मिळाली. दोन्हींत मोठे काय?

भारतात हा मामला अजून पुरता घोटलेला नाही. २०२४ साली अन्वर अली या बचावपटूवरून मोहन बागान आणि ईस्ट बंगाल पुन्हा समोरासमोर आले. तो मूळ दिल्लीच्या क्लबाचा. तिथून मोहन बागानला उसना दिलेला होता. तो करार मध्येच मोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. अखिल भारतीय महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, आणि त्याने व त्या दोन क्लबांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपये द्यावेत, असा आदेश काढला. प्रकरण लागलीच दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. कागद नीट नसले की भावना कोर्टात जातात, हाच त्याचा बोध.

आता पुन्हा आपल्या कबड्डीकडे येतो. कारण इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध आहे. प्रो कबड्डीत फुटबॉलसारखी पद्धत नाही, तिथे लिलाव होतो. ज्यांना संघांनी आपल्याकडे राखून ठेवलेले नाही ते खेळाडू लिलावात येतात. बोली लागते, जो संघ जास्त देईल त्याचा तो खेळाडू. म्हणजे कुठे जायचे हे खेळाडू ठरवतच नाही! इराणचा मोहम्मदरझा शादलुई याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. गुणांवरून मोठा वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला, आणि भारत ३३-२९ असा जिंकला. भारताच्या संघात आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, इराणच्या संघात शादलुई. त्यानंतर दोनच दिवसांनी लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. पलटणचा कर्णधार कोण? अस्लम इनामदार! शनिवारी एकमेकांचे पाय धरणारे दोघे एका कळपात आले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले. आमच्या वसतिगृहात त्या रात्री इराणच्या नावाने शिट्ट्या वाजल्या.

पुढच्या लिलावात शादलुई गेला तो नेमका हरियाणाकडेच, २ कोटी ७ लाखांना. आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला. २०२५ साली तो गुजरातकडे गेला. या माणसाला गद्दार म्हणायचे असेल तर कितींदा आणि कुणी म्हणायचे? तो जिथे गेला तिथे जीव ओतून खेळला. पाठीराख्याने खेळाडूकडे मागावे ते हेच. अंगावर आपला रंग आहे तोवर त्या रंगाचे काम चोख कर.

येथवर आल्यावर मला अण्णांच्या प्रश्नाकडे परत जावे लागले. पैलवानाला हार आणि कबड्डीपटूला शिव्या, असे का?

आपल्या कर्जतकडे कुस्तीचे प्रेम सांगायला नको. गोदड महाराजांच्या नगरीत मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. सोलापूरच्या वेताळ शेळकेने गदा उचलली तेव्हा आपल्या तालुक्याच्या माणसांनी त्याला परका म्हणून टाळ्या कमी दिल्या नाहीत. गावात एखादे पोरगे मातीत चमकले, की घरचे म्हैस दावणीला बांधतात आणि गाव वर्गणी काढून त्याला कोल्हापूरच्या नाहीतर पुण्याच्या तालमीत पाठवते. त्याला कोणी सोडून गेला म्हणत नाही. विचार करता मला याचे कारण असे दिसले. पैलवान वस्ताद बदलो, तालीम बदलो, कुस्ती पुकारली जाते तेव्हा त्याच्या नावामागे गाव येतेच. हलगी वाजते ती गावाच्या नावावर. तो जातो पण नाव घेऊन जातो. सांघिक खेळात तसे नाही. तिथे बनियन बदलला, की गाव पुसले जाते, आणि एखाद्या रात्री तो समोरच्या संघातून आपल्याच अंगणात चढाईला येतो. पाठीराख्यांचा राग पैशावर नसतो. आपण पुसले गेलो, याचा तो राग असतो.

तो राग अगदीच निराधार आहे असेही नाही. पोरगे बारा वर्षांचे असताना त्याला मैदान कुणी दिले? गुडघा फुटला तेव्हा हळद कुणी लावली? सामन्याला जायला एस.टी.चे भाडे कुणी भरले? गावाने! आणि तयार झालेले पीक कापून नेले दुसऱ्याने. या ठिकाणी फुटबॉलने काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटली. जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, असा नियम आहे, की करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून प्रामुख्याने एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडविणाऱ्या क्लबांना वाटून द्यायचे. पहिल्या चार वर्षांना प्रत्येकी पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी अर्धा टक्का. समजा एक कोटीचा व्यवहार झाला आणि पोरगा बाराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत एखाद्या लहान क्लबात होता. तर त्या क्लबाला चार वर्षांचे एक लाख आणि दोन वर्षांचे एक लाख, असे दोन लाख रुपये मिळतात. त्यात पोरांसाठी बूट येतील, चेंडू येतील, मैदानाला कुंपण होईल. मात्र एक अट आहे. क्लब नोंदलेला हवा, आणि पोरगा कोणत्या वर्षी कुठे खेळला याची लेखी नोंद हवी.

आमच्या गावच्या संघाकडे काय आहे? एक ढाल, दोन करंडक आणि मारुतीच्या देवळामागे ठेवलेला बनियनांचा गठ्ठा. कोण कधी खेळला याचा एक कागद नाही. कबड्डीत गावाला असा वाटा मिळत नाही, हे खरे. पण उद्या तसा नियम झालाच तरी आम्ही दाखविणार काय? म्हणजे जाणाऱ्याला शिव्या द्यायला शंभर तोंडे, आणि तो आपला होता हे लिहून ठेवायला एक हात नाही!

क्लबाचे देणे क्लबाने फेडावे, ते पोराच्या काळजातून वसूल करू नये, असे मला आता वाटते. आणि पाठीराख्याला बोलायचा हक्क जरूर आहे. त्याने खेळावर बोलावे. करार असताना अंगचोरपणा केला तर खडसावून बोलावे. पण पुढे जाण्याला गुन्हा म्हणू नये. आपण तरी काय करतो? या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुण्याला नोकरीस निघालेल्या मुलाला आपण निरोप समारंभात पेढा देतो. त्याला कोणी ‘विकला गेला’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मित्राच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडीत होती. तिने नेहमीसारखेच "बस, चहा टाकते" म्हटले, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखे झाले. मी त्याला म्हणालो, "त्या रात्री ओरडणाऱ्यांत मीपण होतो."

तो म्हणाला, "ठाऊक हाय. तुझा आवाज वळखू येत न्हाय व्हय मला?"

मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. चहा झाल्यावर तोच म्हणाला, "चल, मैदानावर जाऊ. अण्णांनी पोरं गोळा केल्यात." तिथे तो तासभर लहान पोरांना पायात पाय कसा टाकू नये, हे दाखवीत होता.

मी एक वही घेऊन गेलो होतो. जमलेल्या पोरांची नावे, जन्मतारखा आणि कोणत्या सालापासून खेळतो ते अण्णांना विचारून लिहून काढले. एकोणीस नावे झाली. पहिल्या पानावर आधी गेलेल्यांची यादी करायची ठरले. तेव्हा अण्णांनी सर्वांत वर त्या मित्राचेच नाव घालायला सांगितले आणि त्यापुढे कंसात गावाचे.

— तृतीय वर्ष, कला